आमची मंडळी फुटली नाही

महिन्यातून एकदा मलकापूरहून येणारे आमच्या चर्चचे पाळक अजूनही बाहेरगावी आमचं उदाहरण देतात. निवडणुकीत गावंच्या गावं फुटली, सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं, पण मोताळा तालुक्यातल्या त्या लहानशा मंडळीनं एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतलं, असं ते सांगतात. मंडळी म्हणजे आमच्या भाषेत चर्चची सगळी माणसं, आणि प्रभुभोजन म्हणजे उपासनेत सगळ्यांनी वाटून घ्यायची भाकर आणि प्याला. एका सभेत मी स्वतः मागच्या बाकावर बसून हे ऐकलं. लोकांनी वळून माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि मी पर्समध्ये नसलेला रुमाल शोधत राहिले. पाळक खोटं बोलत नाहीत. आमची मंडळी फुटली नाही. एक माणूस तेवढा कमी झाला, आणि तो माझ्यामुळे.

मी मूळची जालन्याकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक होऊन या गावात आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. दोन वर्षांत बदली करून घ्यायची असं ठरवून एक पेटी उघडलीच नव्हती. ती उघडायला सहा वर्षं लागली. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारणारी माणसं आता उरली नाहीत, म्हणून उत्तरही तयार ठेवत नाही. गावात ख्रिस्ती घरं दोनच. एक माझी भाड्याची खोली आणि दुसरं तिच्या भिंतीला भिंत लागून असलेलं वैनीचं घर. सगळं गाव तिला वैनी म्हणायचं म्हणून मीही म्हणू लागले. तिचा नवरा म्हणजे भाऊ. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि मधे तुरीच्या ओळी. एक मुलगी, ती लग्न होऊन अकोल्याला गेलेली.

मी राहायला आले त्याच आठवड्यात वैनी माझ्या दारात उभी राहिली आणि आत न येताच खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "बाई, तू एकलीच जेवतं का?"

हो म्हटलं.

"एकल्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही. उद्यापासून ताट घेऊन येजो इकडे."

मी ताट घेऊन गेले, आणि तीस वर्षं जात राहिले. भाजी कधी माझी, कधी तिची. भाऊ ओसरीवर जेवायचे, आम्ही दोघी चुलीपाशी. माझ्या भाकरीला ती नावं ठेवायची, तिच्या अक्षराला मी. तिला वाचायला मीच शिकवलं होतं, त्यामुळे तिच्या 'ळ'वर बोलायचा हक्क मला होता, असं मी धरून चालले होते.

चर्च गावापासून तीन किलोमीटरवर, धामणगाव बढ्याच्या वाटेवर. आधी आम्ही बैलगाडीनं जायचो, नंतर भाऊंच्या मोटारसायकलवर तिघं. पुढे भाऊ, मधे वैनी, मागे मी, आणि माझ्या मांडीवर भाऊंची ढोलकी. मंडळीची गाणी भाऊंच्या ढोलकीवर चालायची. उपदेश सुरू झाला की त्यांना डुलकी लागायची, पण गाण्याच्या आधी कुणी उठवावं लागलं नाही कधी.

आता साखळी प्रार्थनेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच झालं. दर बुधवारी दिवेलागणीला मंडळीतल्या कुणा एकाच्या घरी आम्ही जमायचो. खाली सतरंजीवर गोल बसायचं, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. डोळे मिटायचे. मग एका टोकापासून सुरुवात करून एकेकानं मोठ्यानं, आपल्या मनाच्या शब्दांत प्रार्थना करायची. एकाचं संपलं की शेजाऱ्यानं धरायचं, शेवटच्यापर्यंत. मधे कुणाला तोडायचं नाही, कुणी काय मागितलं त्यावर नंतर बोलायचं नाही. माणूस देवाशी बोलतो आहे, तिथे आपण कोण?

या नियमाची सोय आमच्या लोकांनी फार पूर्वीच ओळखली होती. सासूसमोर चकार शब्द न काढणारी सून डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, ज्यायले सुनेत लेक दिसत नाही त्यायचे डोळे उघड." पुढच्या बुधवारी सासू म्हणायची, "प्रभू, सूर्य डोक्यावर येईस्तोवर झोपनाऱ्यायले जागं कर." दोन्ही वेळेला सगळे मिळून आमेन. ज्याच्यासाठी प्रार्थना झाली त्याला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नंतर चहा येईपर्यंत सगळं विरून जायचं. मीही यात मागे नव्हते. तीस वर्षं दुसरीचा वर्ग घेतलेली बाई मी, चूक दिसली की हात लाल पेनाकडे जायचा. उशिरा येणाऱ्यांसाठी, वर्गणी बुडवणाऱ्यांसाठी, मुलीची शाळा सोडवणाऱ्यांसाठी मी साखळीत मोठ्या कळकळीनं प्रार्थना केल्या आहेत. लोक हसायचे. "बाईनं धरलं," म्हणायचे.

बीटी कापूस आला त्या वर्षी भाऊंनी बियाण्याची पाकिटं पेरणीआधी चर्चमध्ये आणून मेजापाशी ठेवली होती. आशीर्वादासाठी बियाणं आणायची आमची जुनी रीत, फक्त पूर्वी ते फडक्यात बांधून यायचं. या वाणाला अळी लागत नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं. काही वर्षं खरंच लागली नाही. भाऊंनी घरावर नवे पत्रे टाकले. मग एका साली दिवाळीनंतर बोंडं उकलायची तर उकलेनात. वैनीनं एक हिरवंगार बोंड माझ्या हातावर फोडून दाखवलं. आत गुलाबी अळी, आणि कापसाच्या जागी काळपट, चिकटलेली कवडी. त्या हंगामात तालुक्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तीच अळी होती. आणि त्याच्याच पुढच्या वर्षी निवडणूक आली.

उमेदवार दोन. बाकीचे यंत्रावर नावापुरते. पक्षांची नावं मी सांगणार नाही. दोन्हीकडची माणसं आजही माझ्या दारात थांबून पाणी पितात. एक उमेदवार जुना. आमच्या लोकांनी वाडवडिलांपासून त्याच्याच पक्षाला मत दिलेलं, प्रेमानं कमी आणि भीतीनं जास्त. हे आहेत तोवर चर्चला कुणी हात लावणार नाही, एवढाच हिशेब. दुसरा नवा. तो कापसावर बोलायचा, अळीवर बोलायचा, आणि वावरात उतरून बोलायचा. पण त्याच्यामागे फिरणाऱ्या पोरांपैकी दोघंतिघं चौकात आमच्या चर्चबद्दल वेडंवाकडं बोलले होते. चहापेक्षा किटली गरम, म्हणून सोडून देता आलं असतं. मला नाही आलं.

"भाऊ, ज्याच्या पोरांना आपलं चर्च खुपतं, त्याला मत देणार तुम्ही?" जेवताना मी चुलीपासून ओसरीवर आवाज दिला.

"बाई, तुमाले चर्च दिसते, मले वावर दिसते. दोन्ही आपलेच हायत."

"चर्च राहिलं नाही तर?"

"वावर राह्यलं नाही तं चर्चात येईन कोन? तुमी पगारवाल्या. तुमाले देव महिन्याच्या महिन्याले देते. आमाले वर्षातून एकदा देते, अन् ते बी अळी खाऊन गेली."

वैनीनं माझ्या ताटात वरण वाढलं आणि दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "जेवा आता मुकाट्यानं. उमेदवार येऊन राह्यले का ताटं उचलाले?"

आम्ही हसलो. पण 'पगारवाल्या' मला लागलं. या घरी माझं ताट इतकी वर्षं पडतं आणि मी त्यांच्या लेखी अजून पगारवालीच, हे मी खोलीवर जाऊन बराच वेळ मनात घोळवत बसले.

त्यानंतर आठेक दिवसांनी भाऊ गावातल्या दहा शेतकऱ्यांबरोबर मलकापूरला नव्या उमेदवाराच्या सभेला गेले. परत आले ते न जेवताच झोपले. दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत. पोट बिघडलं असेल असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वैनी तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन माझ्या खोलीत आली आणि सोलता सोलता रडायला लागली.

झालं होतं ते असं. सभेच्या आधी अळीबद्दल मंचावरून बोलायला एक शेतकरी निवडायचा होता. सगळ्यांनी भाऊंचं नाव घेतलं, कारण ते बोलतात चांगलं. तेवढ्यात कुणी तरी म्हणालं, हे ख्रिस्ती हायत. उमेदवाराच्या माणसानं भाऊंना विचारलं, "हाव का?" भाऊ म्हणाले, "नाही. बायको जाते कधीमधी." मग त्यांना मंचावर खुर्ची मिळाली. दोन मिनिटं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला, तो मंडळीतल्या सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. फोटोच्या आधीचं मात्र मंडळीत कुणाला ठाऊक नव्हतं.

"भाकर घशाखाली उतरत नाही त्याच्या," वैनी म्हणाली. "म्हनते, चाळीस वर्षं ढोलकी वाजवली अन् एका खुर्चीसाटी नाही म्हनून आलो. कोनाले सांगजो नोको बाई. तो आतून पार मोडून गेला हाय."

"मी कोणाला सांगणार?" मी म्हटलं.

ते खरं होतं. त्या गावात मला सांगायला वैनीखेरीज कुणी नव्हतंच.

पुढचा बुधवार वैनीच्याच घरी होता. मंडळीतली बारा-पंधरा माणसं आली. प्रार्थनेआधी गप्पा निघाल्या आणि गप्पांतून निवडणूक निघाली. मधल्या दिवसांत भाऊ थोडे सावरले होते. ते म्हणाले, आपन यावेळी कापसाकडं पाहून मत द्यावं. दोन-चार जणांनी माना डोलावल्या. जुन्या उमेदवाराच्या बाजूचे एक काका तावातावानं बोलू लागले. सतरंजीवरच दोन तट पडायला लागले. मला राग आला. भाऊ इतक्या शांतपणे बोलत होते, जणू मलकापुरात काही झालंच नाही. या माणसाच्या शब्दावर आमची माणसं चालली आहेत आणि हा माणूस तिथे काय म्हणून आला हे वैनीखेरीज फक्त मला माहीत आहे, हा विचार डोक्यात घुसला तो निघेना. मी मंडळी वाचवते आहे, असं मला वाटलं. अगदी खरं सांगायचं तर 'पगारवाल्या'ही मनात कुठे तरी होतंच.

साखळी सुरू झाली. बायकांच्या रांगेत मी शेवटची, माझ्यानंतर पुरुषांची रांग, आणि तिच्यात पहिले भाऊ. मी डोळे मिटून, वर्गात बोलते तशा स्वच्छ आवाजात म्हटलं, "हे दयाळू प्रभू, शेकोटीपाशी ज्या शिष्यानं तुझी ओळख नाकारली, त्याला तू क्षमा केलीस. आजही कुणी मलकापूरला जाऊन कापसाच्या भावासाठी, मंचावरच्या एका खुर्चीसाठी तुझी ओळख नाकारत असेल, तर त्यालाही क्षमा कर, आणि त्याच्या मागे जाण्यापासून या तुझ्या मंडळीला राख."

पुढची पाळी भाऊंची.

ते बोलले नाहीत. साखळीत कधी कधी माणूस शब्द जुळवायला थांबतो, तसे थांबले असतील असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं. मग सगळ्यांना कळलं. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. गोठ्यात गाईनं मान हलवली, तिची घंटा वाजली. मी डोळे उघडले नाहीत. उघडायची हिंमत नव्हती. बराच वेळ गेल्यावर समोरून, पाळी नसताना, वैनीचा आवाज आला.

"बापा, तुले सारं ठाऊक हाय. आमेन."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीसुद्धा.

वैनीनं चहा केला. सगळ्यांना दिला, मलाही दिला. साखर नेहमीइतकीच होती. कुणी काही बोललं नाही, कारण नियमच तसा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी त्या घरच्या सतरंजीवर बसून त्या घरची मूठ उघडली होती, आणि तीही देवाच्या नावानं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताट घेऊन गेले. आपण काही खोटं बोललो नाही, एवढा ताठा तेव्हाही माझ्यात शिल्लक होता. वैनी दारातच होती.

"बाई, आज आमचं लवकर झालं," ती म्हणाली. "तुमी जेवून घ्या."

तिसाव्या वर्षी ती मला पहिल्यांदा 'तुमी' म्हणाली. मी परत फिरले. खोलीत भाजी होती, भाकरीही होती. ताट स्टूलवर ठेवून भिंतीकडे तोंड करून जेवले. पलीकडे वैनी भांडी घासत होती, ते ऐकू येत होतं. पुढचे दोन दिवसही तिचं लवकर झालं होतं. चौथ्या दिवसापासून मी विचारायला गेले नाही.

रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकांच्या कानावर मंडळीतल्या तटांबद्दल काही तरी गेलं असावं. तरुण माणूस, मनापासून बोलला. मत वेगळं असू द्या, मेज एकच असू द्या, असं म्हणाला. भाकर घेण्याआधी ज्याच्याबद्दल मनात किंतु आहे त्याच्याकडे जा, हात हातात घ्या आणि सलाम म्हणा. आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना भेटल्यावर सलामच म्हणतो, ते काही नवीन नव्हतं. पण त्या दिवशी लोक खरंच बाकांवरून उठले. तावातावानं बोललेले काका विरुद्ध बाजूच्या पोराच्या गळ्यात पडले. काही जण रडले. वैनी सरळ माझ्यापाशी आली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "सलाम, बाई." तिचा हात कोरडा आणि गरम होता. मी काही म्हणणार तेवढ्यात ती जागेवर जाऊन बसली. नंतर आम्ही सगळ्यांनी भाकर आणि प्याला घेतला. तेच ते प्रभुभोजन, ज्याचं उदाहरण पाळक देतात.

भाऊ आले नव्हते. ढोलकीही नव्हती. मुलांनी टाळ्यांवर गाणी म्हटली.

निवडणुकीच्या कामावर मला दुसऱ्या तालुक्यात, शेगावच्या पलीकडच्या एका गावी पाठवलं. माझं स्वतःचं मत आधीच टपालानं गेलं होतं. दिवसभर मी अनोळखी माणसांच्या बोटांना शाई लावत बसले. एका म्हातारीनं बोट पुढे करून विचारलं, "बाई, कोनत्या गावच्या? घरी कोन कोन हाय?" मी गाव सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाला पुढचा माणूस आला म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

नवा उमेदवार निवडून आला. त्यानं चर्चला काही केलं नाही आणि कापसालाही काही केलं नाही. माझी भीती वाया गेली, भाऊंची आशा वाया गेली. मंडळीत महिन्याभरात लोक निवडणूक विसरलेसुद्धा. दोन्ही तटांचे लोक एका पंगतीत बसून नाताळ जेवले.

जानेवारीत भाऊ वावरात पऱ्हाट्या उपटत होते, म्हणजे वेचणी संपलेल्या कापसाची वाळलेली झाडं. मी शाळा सुटल्यावर तिकडे गेले. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. तिथे पोचल्यावर एवढंच म्हणता आलं, "भाऊ, माझं चुकलं."

ते कमरेवर हात ठेवून सरळ उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"बाई, तुमी खोटं काहीच नाही बोलल्या," ते म्हणाले. "पन मी जे केलं ते मी प्रभूसमोर रडून सांगतलं होतं. त्याचं माह्यं काय ते चालू होतं. तुमी ते साऱ्या मंडळीले सांगतलं. आता मी ढोलकी घेऊन बसलो, की लोकायले ढोलकी नाही दिसनार, मलकापूर दिसन."

"मी मंडळीसमोर उभी राहून माफी मागते. रविवारीच मागते."

ते थोडे हसले. "काय म्हनान? भाऊनं जे केलं ते मी सांगाले नोको होतं, असं? म्हंजे अजून एकदा सांगान." त्यांनी वाकून पुढची पऱ्हाटी धरली. "जा बाई. ऊन हाय."

  वर्गात एखाद्या मुलाला मी चुकून मारलं तर सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागायचे आणि मला त्याचा अभिमान होता. इथे माफी मागणं म्हणजे तोच गुन्हा पुन्हा करणं होतं. मी बांधाबांधानं घरी आले.

भाऊ चर्चमध्ये येत नव्हते, पण वैनीला मोटारसायकलवर सोडायला यायचे. मी आता भाड्याच्या ऑटोनं जायचे, म्हणून हे कळायला मला वेळ लागला. ते तिला फाटकापाशी उतरवून परत जात नसत. कुंपणाबाहेर लिंबाखाली गाडी लावून, चर्चकडे तोंड न करता बसत, उपासना संपेपर्यंत. खिडकीच्या बाजूच्या बाकावरून ते दिसायचे. गाणं सुरू झालं की त्यांची बोटं गाडीच्या टाकीवर चालायची. एकदा मुलांनी ताल चुकवला तेव्हा त्यांनी मान हलवलेली मी पाहिली, आणि मला आनंदानं रडू आलं. माणूस गेला नव्हता. कुंपणापलीकडे का होईना, होता.

मग मी एक ठरवलं. मंडळीसमोर माफी मागता येत नाही, तर ते जिथे बसतात तिथे आपण बसायचं. ज्याला माझ्यामुळे बाहेर राहावं लागलं, त्याच्यासोबत मीही बाहेर. कुणाला काही सांगायचं नाही, त्यामुळे त्यांचं काही उघडं पडणार नाही. मोठी पवित्र कल्पना सुचली असं वाटलं मला. पुढच्या रविवारी ऑटोतून उतरले, आत न जाता लिंबाखालच्या दगडावर जाऊन बसले. भाऊ थोडे सरकले. आतून गाणं आलं. त्या दिवशी त्यांची बोटं टाकीवर चालली नाहीत, हे मी पाहिलं, पण माझ्या आनंदात त्याचा अर्थ लावला नाही.

दुसऱ्या रविवारीही बसले. लोक खिडकीतून पाहू लागले. उपासना संपल्यावर एकीनं विचारलं, "बाई, तब्येत बरी नाही का?" काकांनी तर विचारलं, "तुमी बी त्या पार्टीत गेल्या का काय?" मी हसून टाळलं. तिसऱ्या रविवारी पाळक आले होते. ते उपासनेआधी बाहेर येऊन उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. तसेच आत गेले. फाटकातून आत जाणारं प्रत्येक माणूस आमच्याकडे बघून जात होतं.

भाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमी आत जा."

"तुम्ही याल तेव्हा मीही जाईन."

"मी एकला बसलो होतो तवा लोक म्हनत, बायकोची वाट पाहून राह्यला. तुमी बाजूले येऊन बसल्या, तं आता सारे विचारते, का झालं म्हनून." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तुमी जे बी करता ना बाई, ते माह्याच अंगावर येते."

मी उठले. आत गेले. वैनीनं बाकावर सरकून मला जागा केली. गाणं चालू होतं. दुसऱ्या कडव्याला बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. वैनीनं गाता गाता खिडकीकडे पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात पाहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी स्टँडवर ऑटोत बसले होते. ऑटो भरायची वाट पाहत होता. वैनी आली, लुगड्याचा पदर सावरत माझ्या शेजारी बसली. इतक्या महिन्यांनी आम्ही एकत्र चर्चला निघालो म्हणून मला इतकं बरं वाटलं, की मी विचारू नये ते विचारलं.

"भाऊ नाही आले सोडायला?"

"नाही. आता नाही येत म्हनते."

"का?"

वैनी बाहेर रस्त्याकडे पाहत होती. तिच्या आवाजात दोष नव्हता. रोजची एखादी गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं.

"म्हनते, बाहेर बसून गानं ऐकाले येत होतं, तिथं बी बाई येऊन बसली."

ऑटो सुरू झाला. चर्चपर्यंत तीन किलोमीटर आहेत. आम्ही दोघी एकमेकींना खेटून बसलो होतो आणि खड्डा आला की तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.